डीएनएची दीड मीटर उंच प्रतिकृती: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

आमच्या प्रयोगशाळेतील डीएनएच्या जुन्या प्लास्टिक प्रतिकृतीचे निम्मे दांडे तुटले आहेत, आणि उरलेले भाग कोणीतरी शिडीसारखे सरळ जोडून कपाटात उभे केले आहेत. पेच नसलेला डीएनए पाहून मुलांना काय कळणार, म्हणून 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापूर्वी नवी, उंच आणि मापात असलेली प्रतिकृती स्वतःच करायची असे ठरले. महाविद्यालयाने त्यासाठी 4,000 रुपये मंजूर केले आहेत. बारावीचा वर्ग परीक्षेत गुंतलेला असल्याने अकरावीचे सहा विद्यार्थी, प्रयोगशाळेतले मामा आणि मी एवढेच मनुष्यबळ आहे. दुसऱ्या कोणी हे काम हाती घेतले तर आमच्या चुका त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत, एवढ्यासाठी या नोंदी.

प्रमाण 1 अँगस्ट्रॉमला 2 सेंटिमीटर असे धरले. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तेव्हा ही प्रतिकृती मूळ रेणूच्या 20 कोटी पट मोठी होईल. डीएनएच्या दोन साखळ्यांना पायऱ्यांसारख्या सांधणाऱ्या जोड्यांपैकी एकावर एक येणाऱ्या दोन जोड्यांमधील 3.4 अँगस्ट्रॉमचे अंतर 6.8 सेंटिमीटर होते, दहा जोड्यांचा पूर्ण वेढा 68 सेंटिमीटरचा होतो, आणि मधल्या अक्षापासून बाहेरच्या साखळीतील फॉस्फरसपर्यंतचे 10 अँगस्ट्रॉम अंतर 20 सेंटिमीटर होते, म्हणजे व्यास 40 सेंटिमीटर. दोन वेढे दाखवायचे तर 21 जोड्या लागतील आणि बैठकीसह उंची दीड मीटर होईल. द्रावणातील डीएनएमध्ये एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या असतात हे ठाऊक असूनही मी वॉटसन आणि क्रिक यांच्या 1953 च्या मूळ आराखड्यातील दहाचा आकडा घेतला, कारण कोनमापकावर 36 अंश बिनचूक घेता येतात.

एका मुलाने वहीवर हिशेब करून सांगितले की मानवी पेशीतील सगळा डीएनए याच प्रमाणात करायचा ठरवला, तर प्रतिकृती चार लाख किलोमीटरच्या पुढे, म्हणजे चंद्राच्याही पलीकडे जाईल. हिशेब मी तपासला, बरोबर आहे.

9 जानेवारी

सुतारमिस्त्री पुढच्या आठवड्यात मोकळे होणार आहेत. तोवर खरा डीएनए डोळ्यांनी दाखवावा म्हणून कांद्यातून तो वेगळा करायला घेतला, आणि दिवसभरात हाती काहीही लागले नाही. कांदा मिक्सरमध्ये पूर्ण मिनिटभर फिरवला, मीठ आणि भांडी घासायचा द्रवसाबण घातला, गाळून घेतलेल्या रसावर प्रथमोपचाराच्या पेटीतले 70 टक्क्यांचे स्पिरिट ओतले, आणि परीक्षानळीत गढूळ पाण्याखेरीज काही दिसले नाही.

कारणे संध्याकाळी ध्यानात आली. 70 टक्क्यांचे स्पिरिट तेवढ्याच रसात मिसळले की अल्कोहोलचे प्रमाण 35 टक्क्यांवर येते, आणि तेवढ्यात डीएनए बाहेर पडत नाही. शिवाय मिनिटभर फिरणाऱ्या पात्याने त्याच्या लांब धाग्यांचे तुकडे केले असणार, आणि तुकडे झालेला डीएनए तंतू होऊन वर येत नाही, त्याचा नुसता धुरकट गाळ होतो.

12 जानेवारी

रसायनांच्या दुकानातून 99 टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर आणले, 220 रुपये. ते रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून, कारण घरात लहान मूल आहे.

या वेळी मध्यम आकाराचा कांदा बारीक चिरून मीठ आणि द्रवसाबण घातलेल्या पाण्यात मिसळला, 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवला, मग बर्फात थंड करून मिक्सर फक्त पाच सेकंद फिरवला. रस मलमलीतून गाळला आणि परीक्षानळी तिरपी धरून अल्कोहोल कडेने इतके हळू सोडले की ते रसावर वेगळा थर होऊन राहिले. दोन मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर बुडबुडे धरलेले पांढरे तंतू दिसू लागले. मामांनी काचेची कांडी त्यात घालून फिरवली तसे ते कांडीला गुंडाळले गेले आणि ओढल्यावर शेंबडासारखे लोंबू लागले. शब्द मुलांचाच आहे, पण याहून अचूक शब्द मला सुचला नाही. हा शुद्ध डीएनए नव्हे, त्यात प्रथिने आणि आरएनएही असतात, हे सांगून टाकले. हाच प्रयोग केळे घेऊन केला तेव्हा मिळालेला भलामोठा गोळा बहुतांशी पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या चिकट पदार्थाचा होता असे माझे मत आहे. केळ्याच्या भरघोस उत्पन्नावर विश्वास ठेवू नये.

कांडीला गुंडाळणारे हे तंतू 1944 च्या एका निबंधात जसेच्या तसे भेटतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी लिहिले आहे की अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून ढवळत राहिले असता सक्रिय पदार्थ तंतूंच्या रूपात वेगळा होतो आणि ढवळणीभोवती आपोआप गुंडाळला जातो. त्यांना न्यूमोनियाच्या जिवाणूंच्या 75 लिटर संवर्धनातून तो 10 ते 25 मिलिग्रॅम मिळत असे. एका कांद्यामागे अर्धा दिवस घालवल्यानंतर त्या आकड्याकडे मी वेगळ्या आदराने पाहते.

"मॅडम, पण हाच आनुवंशिक पदार्थ आहे हे नुसत्या धाग्यावरून कसे कळले?" हा प्रश्न आलाच. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना 1928 मध्येच दिसले होते की उष्णतेने मारलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू उंदराला एकत्र टोचले तर निरुपद्रवी जिवाणू घातक होतात आणि त्यांची पुढची पिढीही तशीच निपजते. मेलेल्यांकडून जिवंतांकडे जे जाते ते काय, हे एव्हरींनी एकेक पदार्थ बाद करत शोधले. प्रथिने पचवणारी विकरे घातली तरी रूपांतर होत राहिले, आरएनए पचवणारे विकर घातले तरी होत राहिले, आणि डीएनए मोडणारे विकर घातले की थांबले. ज्यांचे समाधान एवढ्याने झाले नाही, त्यांना पटवण्यात आमच्यासारखाच एक मिक्सर कामी आला. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे 1952 मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जिवाणूंना चिकटलेली विषाणूंची रिकामी टरफले स्वयंपाकघरातल्या मिक्सरने झटकून काढली. किरणोत्सारी गंधकाने खूण केलेले प्रथिन बहुतांशी बाहेरच्या टरफलात राहिले, आणि किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेला डीएनए आत गेलेला सापडला.

16 जानेवारी

जोड्यांचे आकार कार्डबोर्डवर काढले आणि दिवस वाया गेला. जोड्या ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन या चार तुकड्यांच्या होतात: ॲडेनीन थायमीनशी आणि ग्वानीन सायटोसीनशी. ॲडेनीन-थायमीनचे चित्र एका पानावरून आणि ग्वानीन-सायटोसीनचे दुसऱ्या पानावरून झेरॉक्स मोठे करून घेतले होते. दोन्ही चित्रांचे प्रमाण वेगळे असल्याने एक जोडी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरने लांब निघाली. वरवर पाहता कोणालाच शंका आली नाही. एकावर एक ठेवल्यावर कडा जुळेनात तेव्हा कळले.

आता चित्राऐवजी मापावरून काढले. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांतील शर्करांना (साखरेच्या रेणूंना) जोडणाऱ्या कार्बन अणूंमधील अंतर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत जवळजवळ सारखेच, सुमारे 10.85 अँगस्ट्रॉम असते, म्हणजे आमच्या मापाने 21.7 सेंटिमीटर. ही दोन टोके आधी टिंबांनी पक्की करायची आणि मग मधला आकार भरायचा. दोन मोठे तुकडे (ॲडेनीन आणि ग्वानीन) समोरासमोर ठेवले तर या अंतरात मावत नाहीत, आणि दोन लहान तुकडे ठेवले तर मध्ये फट राहते, हे मुलांनी दहा मिनिटांत करून पाहिले. ॲडेनीनचे प्रमाण थायमीनइतके आणि ग्वानीनचे सायटोसीनइतके असते हे एर्विन शारगाफ यांनी 1950 च्या सुमारास मोजून दाखवले होते; त्यामागचे कारण मुलांच्या हातातल्या पुठ्ठ्यात होते.

केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन यांनाही पुठ्ठाच कापावा लागला होता, कारण कार्यशाळेकडून धातूचे तुकडे वेळेवर येईनात. आमच्या सुतारमिस्त्रींची वाट पाहताना हे आठवून थोडे बरे वाटले. वॉटसन त्याआधी सारख्याला सारखे जोडत होते आणि त्यांनी घेतलेले ग्वानीन आणि थायमीनचे आकारच चुकीचे होते. हायड्रोजनचा एक अणू भलत्या जागी दाखवण्याची पाठ्यपुस्तकांची चूक त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनाह्यू यांनी दाखवून दिली. त्यानंतर योग्य जोड्या जुळल्या तो दिवस 28 फेब्रुवारी 1953. आमची प्रतिकृती पुरी करण्याची तारीखही तीच आहे, हा निव्वळ योगायोग. आपला विज्ञान दिन रामन परिणामाचा आहे.

ग्वानीन-सायटोसीनमध्ये आम्ही जोडीतले दोन तुकडे धरून ठेवणारे तीन हायड्रोजन बंध दाखवले आहेत. 1953 च्या मूळ मांडणीत दोनच होते. तिसरा लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी 1956 मध्ये दाखवून दिला.

22 जानेवारी

6 मिलिमीटर प्लायवूडच्या आठ बाय चारच्या अख्ख्या पत्र्यासाठी 1,950 रुपये मोजले. मिस्त्रींनी अर्ध्या पत्र्यातून 21 फळ्या, एका जोडीला एक अशा, कापून दिल्या, मजुरी 1,200. 12 मिलिमीटरचा दोन मीटर लांब आटेदार रॉड 260 रुपयांना मिळाला. दोन फळ्यांमध्ये घालण्यासाठी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे 20 तुकडे कापले. दुपारी सगळे रॉडवर ओवून उभे केले, लांबून पाहून टाळ्याही वाजवल्या, आणि मग मोजपट्टी लावली.

पहिली चूक उंचीत निघाली. वेढा 68 ऐवजी 74 सेंटिमीटरचा भरला, कारण पाइपचे तुकडे मी 68 मिलिमीटरचे कापायला सांगितले होते आणि प्लायवूडची 6 मिलिमीटर जाडी त्यात धरलीच नव्हती. वीसही तुकडे पुन्हा कापावे लागले. करवतीने कडा तिरप्या झाल्याने ते घासण्यात मामांचे दोन तास गेले.

दुसरी चूक मोठी आहे. रॉडचे छिद्र आम्ही फळीच्या बरोबर मध्यावर, दोन शर्करांना जोडणाऱ्या रेषेवर पाडले. त्यामुळे दोन्ही साखळ्या अक्षाच्या अगदी समोरासमोर, 180 अंशांवर आल्या आणि त्यांच्यामधल्या दोन्ही खोबणी सारख्या रुंदीच्या झाल्या. खऱ्या डीएनएत एक खोबण रुंद आणि दुसरी अरुंद असते. बाजारातल्या बहुतेक स्वस्त प्रतिकृतींत ही चूक असते आणि ती मी वर्गात नावे ठेवून दाखवतही आले आहे, त्यामुळे स्वतःच्या हातून झाल्यावर काही वेळ कोणाशी बोलावेसे वाटले नाही.

24 जानेवारी

छिद्र कुठे पाडायचे याचा हिशेब गणिताच्या सरांना सोबत घेऊन केला.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग यांनी मे 1952 मध्ये घेतलेल्या प्रसिद्ध क्ष-किरण चित्रात, म्हणजे 51 व्या छायाचित्रात, मध्यापासून वर आणि खाली ठिपक्यांच्या आडव्या ओळी आहेत आणि त्यांतली चौथी ओळ गायब आहे. फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या 25 एप्रिल 1953 च्या अंकात त्याचा अर्थ दिला की एकाच अक्षाभोवतीच्या दोन साखळ्या एकमेकींपासून वेढ्याच्या तीन अष्टमांश अंतरावर सरकलेल्या आहेत. सरांनी फळ्यावर मांडून दाखवले की साखळ्या बरोबर निम्म्या वेढ्यावर असत्या, म्हणजे आमच्या 22 तारखेच्या प्रतिकृतीसारख्या असत्या, तर चौथी ओळ राहिली असती आणि पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी नाहीशा झाल्या असत्या. आमची चूक फ्रँकलिन यांच्या छायाचित्रात लगेच पकडली गेली असती.

वेढ्याचे तीन अष्टमांश म्हणजे 135 अंश. तेव्हा फळीचे दोन हात सरळ रेषेत न ठेवता एकमेकांशी 135 अंशांचा कोन करतील असे, पसरट कोयत्यासारखे कापायचे. शर्करांच्या दोन टिंबांमधले 21.7 सेंटिमीटर कायम ठेवले तर रॉडचे छिद्र त्या रेषेच्या मध्यापासून रुंद खोबणीच्या बाजूला 4.5 सेंटिमीटर सरकते. खोबणींची उभी रुंदी मग 25.5 आणि 42.5 सेंटिमीटर यायला हवी. ही 4.5 सेंटिमीटरची सरक या सगळ्या नोंदींतले सर्वांत उपयोगी माप आहे.

जुन्या फळ्यांत नवे छिद्र पाडून भागेना, कारण हातांचा कोनच चुकीचा होता. उरलेल्या अर्ध्या पत्र्याचा या वेळी उपयोग झाला.

25 जानेवारी ते 2 फेब्रुवारी

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांमुळे प्रयोगशाळा बंद. सामान सायकलस्टँडच्या शेडमध्ये हलवले. काम शून्य.

5 फेब्रुवारी

नव्या फळ्या आल्या, मजुरी 900 रुपये. खोबणी 25 आणि 43 सेंटिमीटर भरल्या, ठीक आहे.

आता फळ्या फिरू लागल्या. वरचा नट कितीही आवळला तरी कोणी हात लावला की एखादी फळी जागची सरकते आणि 36 अंशांचे 30 होतात. मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून प्रत्येक फळीच्या वर आणि खाली घातले, त्याने पकड आली. मात्र दोन वायसरांचे 2 मिलिमीटर वाढल्याने पाइपचे तुकडे तिसऱ्यांदा कापून 60 मिलिमीटरचे करावे लागले. करणाऱ्याने आधी वायसर आणावेत आणि मगच पाइपला करवत लावावी. नट आवळल्यावर रबर दाबले जाऊन एकूण उंची 136 ऐवजी 135.4 सेंटिमीटर आली, ती मान्य केली.

8 फेब्रुवारी

साखळीसाठी बागेतली लवचीक नळी वापरली. मी उंचीच्या अंदाजाने तीन मीटर आणायला सांगितली होती. तिरप्या वाटेने एका वेढ्यालाच 143 सेंटिमीटर लागतात, म्हणजे दोन साखळ्यांच्या दोन वेढ्यांना पावणेसहा मीटर. उरलेली नळी दुसऱ्या खेपेत आणली, एकूण 240 रुपये. शर्करांना एकमेकींशी जोडणाऱ्या, फॉस्फरस असलेल्या फॉस्फेटसाठी लहान मुलांच्या खेळातले प्लास्टिकचे 40 चेंडू तापवलेल्या सळईने भोके पाडून नळीत ओवले. हे काम मोकळ्या हवेतच करावे, धुराने डोके धरते. दोन शेजारच्या चेंडूंमधले अंतर 14 सेंटिमीटरच्या थोडे वर, म्हणजे सुमारे 7 अँगस्ट्रॉम आले आणि ते बरोबर आहे.

चेंडू आत आणि फळ्या बाहेर का नकोत, असे एकाने विचारले. 1951 च्या अखेरीस वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी नेमकी तशीच, तीन साखळ्यांची आणि फॉस्फेट मध्यभागी असलेली प्रतिकृती उभी केली होती. ती पाहायला आलेल्या फ्रँकलिन यांनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली, कारण डीएनए जेवढे पाणी धरून ठेवतो तेवढे त्या मांडणीत बसत नव्हते. पाणी ओढून घेणारे फॉस्फेट बाहेरच असायला हवेत हे त्यांचे मत होते. पुढे पॉलिंग यांनीही फॉस्फेट आतच घातले आणि तेही चुकले.

42 प्लास्टिक टाय लावून नळी पक्की केली. संध्याकाळी सहा वाजता सगळे खूश.

9 फेब्रुवारी

गटातल्या एका मुलीला न्यायला तिचे वडील आले होते. ते वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. प्रतिकृतीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "मॅडम, हे आटे उलटे पडलेत. सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसे."

त्यांनी खिशातला एक बोल्ट काढून प्रतिकृतीशेजारी उभा धरला. बोल्टचे समोर दिसणारे आटे डावीकडून उजवीकडे वर चढत होते आणि आमच्या नळ्या उजवीकडून डावीकडे. डीएनए साध्या बोल्टसारखा उजव्या पेचाचा असतो. आम्ही वरून पाहत प्रत्येक पुढची फळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवली होती, 'उजवा' म्हणजे तसाच असणार असे धरून. वरून पाहताना वर येणारी प्रत्येक फळी काट्यांच्या उलट दिशेने वळली पाहिजे.

आख्खी प्रतिकृती उलटी उभी केली तर पेच सुलटा होईल, अशी आशा दोघांनी व्यक्त केली. बोल्ट उलटा धरून पाहिला. आटे जसेच्या तसे. डाव्या पेचाचाही डीएनए 1979 मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाला स्फटिकात सापडला आहे, पण त्याच्या वेढ्यात बारा जोड्या असतात आणि त्याची साखळी नागमोडी जाते, तेव्हा ती पळवाटही नव्हती.

42 टाय कापले.

12 फेब्रुवारी

पुन्हा बांधून झाले. या वेळी प्रत्येक फळी घट्ट करण्यापूर्वी एकाने बोल्ट शेजारी धरायचा असा नियम केला. टर्नर साहेबांनी बोल्ट परत मागितलेला नाही.

17 फेब्रुवारी

आजची नोंद लांब आहे, कारण या कामातून मी जे शिकले ते बहुतेक आजच शिकले.

शर्करेसाठी प्लायवूडचे पंचकोन कापून फळ्यांच्या टोकांवर उभे ठोकले होते आणि प्रत्येक पंचकोनात ऑक्सिजनच्या जागी लाल टिंब दिले होते. मुलांनी सगळी टिंबे वरच्या बाजूला येतील असे ठोकले, कारण ते नीटनेटके दिसत होते. दोन साखळ्या विरुद्ध दिशांनी धावतात हे मी शिकवलेले आहे आणि त्यांनी ते परीक्षेत लिहिलेलेही आहे. तरी ठोकताना त्यांच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही.

दुपारी एका मुलीला सातव्या फळीवरची ॲडेनीन-थायमीन जोडी थायमीन-ॲडेनीन करायची होती. नवी फळी कापण्याऐवजी तिने तीच फळी काढली, तिच्या मधल्या रेषेभोवती पालथी केली आणि परत ओवली. छिद्र जागेवर आले, दोन्ही हात नळ्यांना पूर्वीच्याच ठिकाणी भिडले. फक्त दोन्ही लाल टिंबे खाली गेली, शेजारच्या सगळ्या फळ्यांची वर असताना. ती फळी हातात धरून ती म्हणाली, "मग एका टोकाचे टिंब वर आणि दुसऱ्याचे खाली असते, तर कशीही बसली असती."

तसे करून पाहिले. सगळ्या फळ्यांच्या डाव्या टोकाचे पंचकोन तसेच ठेवले आणि उजव्या टोकाचे उलटे ठोकले. आता कोणतीही फळी पालथी करा, डावीकडे टिंब वर आणि उजवीकडे खाली, जसे पूर्वी होते तसेच. म्हणजे दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने धावत असतील तरच चारही प्रकारच्या जोड्या कोणत्याही क्रमाने, बाहेरच्या साखळीला धक्का न लावता बसू शकतात, आणि क्रमाचे हे स्वातंत्र्य नसते तर त्यात काही लिहून ठेवता आले नसते. क्रिक यांना ही उलटी दिशा फ्रँकलिन यांच्या मोजमापांतल्या स्फटिकाच्या सममितीवरून कळली. ती मोजमापे एका अहवालातून त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. आम्हाला ती पालथ्या फळीने सांगितली.

21 पंचकोन उपटून पुन्हा ठोकताना चार फुटले. प्लायवूडच्या कडेत खिळा मारण्यापूर्वी बारीक छिद्र पाडून घ्यावे.

21 फेब्रुवारी

51 व्या छायाचित्रातल्या ठिपक्यांची जी फुली दिसते ती कशी उमटते हे दाखवण्यासाठी बॉलपेनमधली स्प्रिंग आणि लेझर पॉइंटर घेतला. दिवसा काहीच दिसले नाही. संध्याकाळी खोली पूर्ण अंधारी करून, स्प्रिंग किंचित ताणून चिमट्यात पक्की धरली आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर पाहिले तेव्हा ठिपक्यांची बारीक पण स्पष्ट फुली दिसली. स्प्रिंगच्या समोरच्या तारा एका बाजूला तिरप्या आणि मागच्या तारा दुसऱ्या बाजूला तिरप्या असतात, त्यांची एकेक रेघ मिळून फुली होते. स्प्रिंग आणखी ताणली की फुलीचा कोन बदलतो. लेझर टेबलाला चिकटपट्टीने बांधावा आणि मुलांना त्याच्या समोरच्या बाजूला उभे राहू देऊ नये. पूर्ण खर्च शून्य, वेळ दीड तास.

25 फेब्रुवारी

बैठक फॅब्रिकेटरकडून 650 रुपयांत करून घेतली, रंगाला 480 लागले.

नावाच्या पाटीवरून थोडी चर्चा झाली. पेंटरने कच्च्या मजकुराप्रमाणे फक्त 'वॉटसन आणि क्रिक, 1953' असे रंगवून आणले. ज्या तीन अष्टमांशांवर आमच्या फळ्यांचा कोन काढला ते माप फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांचे, 51 वे छायाचित्र वॉटसन यांना मॉरिस विल्किन्स यांनी जानेवारी 1953 मध्ये दाखवले ते फ्रँकलिन यांना न कळवता, आणि 1962 च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी फ्रँकलिन हयात नव्हत्या. त्या एप्रिल 1958 मध्ये 37 व्या वर्षी वारल्या. पाटीवर पाचही नावे घालायची असे ठरले. जागा कमी पडल्याने एव्हरी आणि त्यांचे दोन सहकारी बैठकीच्या मागच्या बाजूला गेले. त्याची मला अजून रुखरुख आहे. पेंटरचे एकूण 350 रुपये.

28 फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला दालनात उभी केली. दिवसभर फळ्या पालथ्या करून बघायला रांग होती. दुपारनंतर वरचा नट दोनदा सैल झाला, म्हणून शेवटी दुसरा नट त्यावर आवळला. तो पहिल्यापासूनच लावायला हवा होता.

3 मार्च

हिशेब. प्लायवूड 1,950, दोन वेळची सुतारकामाची मजुरी 2,100, रॉड 260, वायरिंगचा पाइप 70, नळी 240, चेंडू 400, रंग 480, बैठक 650, पाटी 350, अल्कोहोल 220, नट, टाय आणि खिळे 180. एकूण 6,900 रुपये, मंजुरीपेक्षा 2,900 जास्त. त्यांतले 1,200 माझ्या मध्यभागी पाडलेल्या छिद्राचे आहेत. आता मापे हाताशी असल्याने दुसऱ्या कोणाला हे काम 5,700 च्या आत आणि दोन आठवड्यांत करता यावे.

राहिलेली कामे: चौदाव्या फळीचा वायसर फाटला आहे, बदलायचा आहे. जुन्या, मध्यभागी छिद्र असलेल्या 21 फळ्या शेडमध्ये पडून आहेत. रद्दीत घालू नयेत असे मामांना सांगितले आहे, पुढच्या वर्षी दोन्ही प्रकार शेजारी उभे करून मुलांना खोबणी मोजायला लावायच्या आहेत.